विजेची गाडी कोणाची? सव्वाशे वर्षांच्या घोषणांचा हिशेब



‘ईव्ही क्रांती’ हा शब्द आता वर्तमानपत्राच्या पानापानावर दिसतो. मंत्री बोलतात, उद्योगपती बोलतात, शेअर बाजारवाले बोलतात. पण क्रांती हा शब्द बाबासाहेबांनी फार जपून वापरला आहे. बुद्धाच्या धम्माला ते क्रांती म्हणतात, कारण त्याने माणसामाणसांतले नाते बदलले. गाडीच्या टाकीत पेट्रोलऐवजी बॅटरी आली म्हणून माणसामाणसांतले नाते बदलते का? मागच्या सीटवर बसणारा तोच, पुढे चालवणारा तोच आणि रस्त्याच्या कडेला बसची वाट पाहत उभा असणाराही तोच असेल, तर क्रांती नेमकी कोणाची झाली?

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. हा लेख विजेच्या गाडीविरुद्ध नाही. आंबेडकरवादी माणूस यंत्राचा शत्रू असूच शकत नाही. चरख्याचे गोडवे गायले जात होते, त्या काळात बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात ते गांधीवादाची चिकित्सा करताना सांगतात की, दोष यंत्राचा नसून खासगी नफ्याला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे. यंत्राचा लाभ सर्वांना मिळत नसेल तर यंत्र मोडायचे नसते, रचना बदलायची असते. हीच कसोटी घेऊन विजेच्या गाडीचा इतिहास तपासला, तर एक ठळक गोष्ट दिसते. दर वेळी घोषणा सर्वांच्या नावाने होते, पैसा वर जातो आणि वीज जिथे खरोखर गरिबाच्या उपयोगी पडते तिथे ना समारंभ होतो ना जाहिरात.

पहिला फुगा : न्यूयॉर्क, १८९९

विजेची गाडी ही एकविसाव्या शतकाची करामत आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती पेट्रोलच्या गाडीच्या बरोबरीची आहे. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या, त्यांत १,६८१ वाफेवर चालणाऱ्या, १,५७५ विजेवरच्या आणि फक्त ९३६ पेट्रोलच्या होत्या. त्याआधी १८९९ मध्ये ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी जगातली पहिली मोटारही विजेचीच होती.

न्यूयॉर्कमध्ये १८९७ पासून विजेच्या टॅक्सी धावू लागल्या. बॅटरी संपली की टॅक्सी डेपोत यायची, तिथे यंत्राने जुनी बॅटरी काढून भरलेली बसवायची. आज ज्याला ‘बॅटरी स्वॅपिंग’ म्हणून नवा शोध असल्यासारखे मिरवले जाते, ते सव्वाशे वर्षांपूर्वी चालू होते. कल्पना चांगली होती. मग त्यात मोठे भांडवलदार उतरले. विल्यम व्हिटनी आणि त्याच्या साथीदारांनी ‘इलेक्ट्रिक व्हेईकल कंपनी’ ताब्यात घेतली आणि शहराशहरांत हजारो टॅक्सी उतरवण्याच्या घोषणा केल्या. शेअरचे भाव चढले. रस्त्यावर मात्र घोषणेच्या तुलनेत अगदी थोड्या गाड्या आल्या. बॅटऱ्या खडबडीत रस्त्यांवर टिकेनात. डिसेंबर १८९९ मध्ये ‘न्यूयॉर्क हेराल्ड’ने कंपनीच्या कर्जव्यवहारातली फसवणूक उघड केली. बॅटरीतल्या शिशावरून लोक या मंडळींना ‘लेड कॅब ट्रस्ट’ म्हणू लागले. पुढे गाड्या बनवण्यापेक्षा ही कंपनी एका पेटंटच्या जोरावर इतर मोटार उत्पादकांकडून पैसे वसूल करण्यात गुंतली आणि १९०७ मध्ये बुडाली.

त्याच काळात थॉमस एडिसनने नव्या बॅटरीचा गाजावाजा केला. बाजारात आलेली पहिली बॅटरी गळू लागली, ती परत घ्यावी लागली, आणि सुधारलेली येईपर्यंत १९१० उजाडत आले. तोवर हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ बाजारात होती. १९१२ च्या सुमारास पेट्रोलची गाडी ६५० डॉलरला मिळत होती, तर विजेची दोन आसनी गाडी १,७५० डॉलरला. विजेची गाडी श्रीमंत घरांचे, विशेषतः श्रीमंत बायकांचे वाहन म्हणून उरली आणि हळूहळू संपली.

किंमत हे एक कारण झाले. दुसरे कारण आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे आहे. गाडीला लागणारी वीजच लोकांपर्यंत पोचली नव्हती. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दहापैकी नऊ शेतकरी घरांत वीज नव्हती, कारण खासगी वीज कंपन्यांना तिथे नफा दिसत नव्हता. ती पुढे पोचली ती सरकारने टेनेसी खोऱ्याचे प्राधिकरण (१९३३) उभारले आणि ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा (१९३६) केला म्हणून. आधी वीज सार्वजनिक झाली, मग ती सामान्य माणसाची झाली.

बाबासाहेब आणि वीज

हे टेनेसी खोऱ्याचे नाव आंबेडकरी वाचकाला नवे नसावे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते आणि पाटबंधारे व वीज ही खातीही त्यांच्याकडेच होती. टेनेसीचा नमुना समोर ठेवून दामोदर खोरे योजनेची पायाभरणी त्यांच्याच खात्याने केली. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले तेही त्यांच्याच काळात.

ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेच्या धोरणावरील समितीपुढे बोलताना बाबासाहेबांनी मांडलेला विचार आजही लख्ख आहे. भारताला वीज हवी ती उद्योगीकरणासाठी आणि उद्योगीकरण हवे ते माणसाला दारिद्र्याच्या न संपणाऱ्या फेऱ्यातून बाहेर काढण्यासाठी, अशी त्यांची मांडणी होती. वीज सरकारी असावी की खासगी, हा प्रश्नही त्यांनी तिथे उभा केला. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात तर पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी थेट मागणी आहे. म्हणजे बाबासाहेबांच्या विचारात वीज हे साधन आहे आणि माणसाची मुक्ती हे साध्य आहे. आजच्या ईव्ही धोरणात साध्य कोणते आहे? गाड्यांची विक्री.

दुसरा फुगा : कॅलिफोर्निया ते इस्रायल

१९९० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने नियम केला की मोठ्या कंपन्यांच्या विक्रीत १९९८ पर्यंत २ टक्के आणि २००३ पर्यंत १० टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या असाव्यात. जनरल मोटर्सने ‘ईव्ही १’ ही गाडी १९९६ मध्ये आणली. ती विकली नाही, फक्त भाड्याने दिली. अशा एकूण १,११७ गाड्या बनल्या. उद्योगाच्या दबावाखाली नियम सैल होत गेला. मग कंपनीने गाड्या परत घेतल्या आणि त्यांतल्या बहुतेक चिरडून टाकल्या. चालवणारे लोक गाडी विकत मागत होते, तरी दिली नाही. यंत्र चालत होते, पण नफ्याच्या गणितात बसत नव्हते. यंत्र दोषी की रचना, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

पुढे २००७ मध्ये ‘बेटर प्लेस’ नावाची कंपनी आली. पुन्हा तेच बॅटरी बदलण्याचे स्वप्न, पुन्हा जगभर कौतुक. सुमारे ८५ कोटी डॉलर भांडवल उभे राहिले. मे २०१३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा इस्रायल आणि डेन्मार्क मिळून दीड हजार गाड्याही रस्त्यावर नव्हत्या. बराक ओबामांनी २०११ मध्ये सांगितले होते की २०१५ पर्यंत अमेरिकेत दहा लाख विजेच्या गाड्या धावतील. २०१५ संपले तेव्हा आकडा चार लाखांच्या आसपास होता.

आपल्याकडची आकड्यांची जत्रा

भारतात बंगळूरच्या ‘रेवा’ या छोट्या विजेच्या मोटारीने २००१ मध्ये सुरुवात केली. ती लंडनच्या रस्त्यांवरही धावली, तिचे कौतुक खूप झाले, पण दहा-बारा वर्षांत देशपरदेशांत मिळून सुमारे चार हजार गाड्या विकल्या गेल्या. २०१० मध्ये महिंद्राने ती कंपनी घेतली.

मग सरकारे उतरली. जानेवारी २०१३ मध्ये मनमोहन सिंग सरकारने राष्ट्रीय योजना जाहीर केली : २०२० पर्यंत ६० ते ७० लाख विजेची आणि हायब्रिड वाहने. २०१७ मध्ये मोदी सरकारचे ऊर्जामंत्री पियुष गोयल यांनी त्यावर कडी केली : २०३० नंतर देशात पेट्रोल-डिझेलची एकही मोटार विकली जाऊ नये. त्याच वर्षी नितीन गडकरींनी मोटार उत्पादकांना बजावले की तुम्हाला आवडो न आवडो, हे होणारच. काही महिन्यांत सूर बदलला. २०१८ उजाडेपर्यंत वेगळ्या धोरणाची गरज नाही असे सांगितले गेले आणि शंभर टक्क्यांचे लक्ष्य तीस टक्क्यांवर आले.

आता प्रत्यक्ष बघा. वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९-२० या आर्थिक वर्षात ई-रिक्षा वगळून देशात सुमारे १ लाख ५६ हजार विजेची वाहने विकली गेली. त्यांतली १ लाख ५२ हजार दुचाकी होती, बस ६०० आणि मोटारी फक्त ३,४००. कुठे ६० लाख आणि कुठे हा आकडा! २०२४-२५ मध्ये विजेच्या मोटारींची नोंदणी एक लाखाच्या थोडी वर गेली. तरीही त्या वर्षी विकल्या गेलेल्या शंभर मोटारींमागे विजेच्या जेमतेम अडीच-पावणेतीन. वाढ आहे, ती नाकारायची नाही. पण जाहिरातीतला भारत आणि रस्त्यावरचा भारत यांत केवढे अंतर आहे, हे आकडेच सांगतात.

ज्यांना कोणी बोलावले नव्हते ते

गंमत अशी की त्याच काळात एक वाहन खरोखर विजेवर गेले. मोटार नाही, तीनचाकी. २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या तीनचाकी वाहनांपैकी निम्म्याहून अधिक विजेची होती, जवळपास सात लाख. मोटारींच्या सहा-सात पट. भारतातली खरी विजेची गाडी म्हणजे ई-रिक्षा, आणि तिच्या इतिहासात कोणत्याही उद्योगपतीचे भाषण नाही.

या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातल्या फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अनिल राजवंशी यांनी सायकल रिक्षाला विजेची जोड देण्याचे काम सुरू केले. विचार साधा होता : माणसाने माणसाला ओढू नये आणि ओढणाऱ्याची रोजीही जाऊ नये. त्या प्रयोगावर मोठा उद्योग उभा राहिला नाही. २०१० च्या आसपास दिल्लीत चिनी सुट्या भागांतून जोडलेल्या ई-रिक्षा आल्या आणि पाहता पाहता उत्तर भारतातल्या गावागावांत पसरल्या. चालवणारे कोण? बहुतांश कालपर्यंत सायकल रिक्षा ओढणारे, हमाली करणारे, शहरात नुकतेच आलेले लोक.

त्यांचे स्वागत कसे झाले? ‘कोंडी करतात’, ‘बेकायदा आहेत’, ‘शहराला बट्टा लावतात’. जुलै २०१४ मध्ये एका बालकाच्या मृत्यूनंतर दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली. सुरक्षेचा प्रश्न खराच होता. पण नियम नव्हते म्हणून ती वाहने बेकायदा होती, आणि नियम करणे हे चालकाचे काम नव्हते, सरकारचे होते. २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ती कायदेशीर झाली. श्रीमंताची विजेची मोटार यायच्या आधी धोरण तयार असते, गरिबाची ई-रिक्षा आल्यावर आधी बंदी येते आणि मग धोरण. समाजशास्त्रात याला काहीही नाव द्या, आपल्या लोकांना हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

आजही बँकेच्या दारात ई-रिक्षावाला उभा राहत नाही, म्हणून तो चढ्या व्याजाच्या खासगी कर्जावर किंवा रोजच्या भाड्यावर गाडी घेतो. शिशाच्या स्वस्त बॅटऱ्या वर्षभरात मान टाकतात. आणि त्या जुन्या बॅटऱ्या कुठे जातात, तेही पुढे पाहू.

चाकणचा रिकामा कारखाना

लेड कॅब ट्रस्टची गोष्ट जुनी वाटत असेल तर पुण्याजवळच्या चाकणला या. १५ एप्रिल २०२५ रोजी शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने जेन्सोल इंजिनिअरिंग या कंपनीविषयी अंतरिम आदेश काढला. त्यात नोंदलेल्या गोष्टी अशा : कंपनीने इरेडा आणि पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थांकडून सुमारे ९७८ कोटींचे कर्ज घेतले. त्यांतले सुमारे ६६४ कोटी ६,४०० विजेच्या मोटारी घेण्यासाठी होते. घेतल्या ४,७०४. पैसा इतरत्र वळवल्याचे आणि त्यातून गुरुग्रामच्या अतिमहागड्या संकुलातल्या सदनिकेसाठी रक्कम गेल्याचे आदेशात म्हटले आहे. कंपनीने ३० हजार गाड्यांची मागणी आल्याचे जाहीर केले होते. तपासात निघाले ते सामंजस्य करार, ज्यांत किंमतही नव्हती आणि गाडी कधी द्यायची तेही नव्हते. शेअर बाजाराच्या अधिकाऱ्याने कंपनीच्या चाकणच्या कारखान्याला भेट दिली तेव्हा तिथे उत्पादन चालू नव्हते, दोन-तीन मजूर तेवढे होते.

या गाड्या ब्लूस्मार्ट या टॅक्सीसेवेत धावत होत्या. ती सेवा एप्रिल २०२५ मध्ये बंद पडली आणि हजारो चालकांचा रोजगार एका रात्रीत गेला. वर्तमानपत्रांनी सदनिकेच्या बातम्या चवीने छापल्या. चालकांचे काय झाले, हे किती जणांनी विचारले? १८९९ मध्येही कर्ज, शेअर आणि न आलेल्या गाड्या. २०२५ मध्येही कर्ज, शेअर आणि न आलेल्या गाड्या. आणि हे एकटे उदाहरण नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने विजेच्या दुचाकी बनवणाऱ्या सात कंपन्यांकडून ४६९ कोटी रुपयांचे अनुदान परत मागितले, कारण देशी बनावटीची अट त्यांनी पाळली नव्हती.

सरकारी सवलत कोणाच्या दारात?

येथे न्यायाने बोलले पाहिजे. केंद्राच्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात खासगी मोटारीला थेट अनुदान नव्हते. ते बस, तीनचाकी, दुचाकी आणि टॅक्सीला होते. पण सवलत फक्त अनुदानाच्या रूपाने येत नाही. ती कर न भरण्याच्या रूपाने येते आणि तिचा गाजावाजा होत नाही.

ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या मोटारीवर जीएसटी ५ टक्के आहे, मग ती दहा लाखांची असो वा एक कोटीची. आणि साध्या सायकलवर? सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के. म्हणजे सहा वर्षे या देशात कोटीच्या विजेच्या मोटारीपेक्षा शाळेत जाणाऱ्या मुलीच्या सायकलवर कराचा दर जास्त होता. जिला ना पेट्रोल लागते ना वीज, ती सायकल पर्यावरणाच्या हिशेबात धरलीच गेली नाही.

महाराष्ट्राचे पाहा. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव होता. त्याच महिन्यात तो मागे घेतला गेला. नव्या धोरणात अटल सेतू, समृद्धी महामार्ग आणि पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर विजेच्या मोटारींना आणि बसना टोलमाफी आली. आणि त्याच २०२५ च्या जानेवारीत एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले होते. तीस लाखांची गाडी घेणाऱ्याला सहा टक्के जड झाले, म्हणून सरकारचे मन द्रवले. बाजारहाटाला लालपरीने जाणाऱ्या आपल्या आईला पंधरा टक्के जड झाले, तिच्यासाठी कोणाचे मन द्रवले?

एसटीला विजेच्या बस मिळणारच होत्या. ५,१५० बसचा भाडेकरार झाला होता. मे २०२५ पर्यंत त्यांतल्या काहीशेच आल्या आणि कंपनी वेळापत्रक पाळत नाही म्हणून परिवहन मंत्र्यांनीच करार रद्द करण्याचे निर्देश दिल्याच्या बातम्या आल्या.

वीज आली, आरक्षण गेले

आता आपल्या चळवळीने सर्वांत आधी पाहायला हवी होती ती गोष्ट. विजेच्या बस बहुतेक शहरांत कशा येतात? महामंडळ बस विकत घेत नाही. कंत्राटदार बस आणतो, कंत्राटदारच चालक नेमतो आणि महामंडळ त्याला किलोमीटरमागे पैसे देते. जुनी डिझेलची बस महामंडळाची होती. तिचा चालक कायम नोकरीत होता. त्या भरतीत अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांना आरक्षण होते. वस्त्यावस्त्यांतली किती घरे एसटी, बेस्ट आणि महापालिकांच्या नोकऱ्यांनी उभी राहिली, किती मुले त्या पगारावर शिकली, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

कंत्राटदाराच्या चालकाला आरक्षण नाही, पेन्शन नाही, नोकरीची हमी नाही. बस बदलली एवढेच लोकांना दिसले. बसबरोबर घटनात्मक हक्कही बदलला, हे दिसले नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात बेस्टच्या भाडेतत्त्वावरील विजेच्या बसने लोकांना चिरडले, किमान सात जीव गेले. कंत्राटी चालकाला अशी मोठी बस चालवण्याचे प्रशिक्षण अवघे काही दिवसांचे मिळाले होते, असे पुढे आले. तंत्रज्ञान नवे आणि मजुराला वापरण्याची रीत जुनी, याचे मोल कुर्ल्याच्या बाजारातल्या पादचाऱ्यांनी चुकते केले.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ती परिषद वाहतूक क्षेत्रातल्या कामगारांचीच होती, हे विसरू नका. कंत्राटी पद्धतीत हे दोन्ही शत्रू एकाच बसमधून येतात. नफा खासगी होतो आणि आरक्षण संपते.

धूर जातो कुठे?

विजेची मोटार मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर धूर सोडत नाही, हे खरे आहे आणि चांगले आहे. पण देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळशावर होते. २,९२० मेगावॅटचे चंद्रपूरचे औष्णिक केंद्र आणि त्याभोवतीच्या खाणी यांची धूळ कोणाच्या फुफ्फुसात जाते? मोटारीच्या संपूर्ण आयुष्याचा हिशेब केला तर विजेची गाडी सहसा कमी कार्बन सोडते, हा युक्तिवाद मला मान्य आहे. माझा प्रश्न वाटणीचा आहे. स्वच्छ हवा एका पिनकोडला आणि राख दुसऱ्या पिनकोडला, ही वाटणी आपल्याला ओळखीची आहे. गावकुसाच्या आत काय आणि बाहेर काय, हे ठरवणारी रीत नव्या कपड्यांत आली आहे.

हीच गोष्ट बॅटरीची. जगातल्या कोबाल्टचे सत्तर टक्क्यांहून अधिक उत्पादन काँगोत होते आणि तिथल्या हाताने खणल्या जाणाऱ्या खाणींत मुले राबतात, हे ॲम्नेस्टीने २०१६ मध्ये पुराव्यानिशी मांडले. आता कोबाल्ट नसलेल्या बॅटऱ्याही वाढत आहेत, ही बरी बाब आहे. पण ई-रिक्षाच्या शिशाच्या बॅटऱ्या? त्यांतल्या कितीतरी भंगारात जातात, उघड्यावर फोडल्या जातात, भट्टीत वितळवल्या जातात. शिसे रक्तात गेले की मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, हे विज्ञान पक्के आहे. भंगाराचे काम या देशात कोणत्या जातींच्या वाट्याला आले आहे, हे सांगण्यासाठी सर्वेक्षणाची गरज नाही. २०२२ चे बॅटरी कचरा नियम उत्पादकावर जबाबदारी टाकतात. नियम कागदावर आणि बॅटरी भट्टीत, अशी अवस्था असेल तर तो नियम राबवायला लावणे हे आपले काम आहे.

माथेरानचा धडा

मग विजेच्या गाडीचा न्याय्य उपयोग कसा असतो? त्याचे उत्तर महाराष्ट्रातच, माथेरानला मिळते. तिथे मोटारींना बंदी आहे, म्हणून पर्यटकांना हातरिक्षात बसवून माणसे डोंगरावर ओढत होती. ओढणाऱ्यांच्या संघटनेनेच मागणी केली की आम्हाला ई-रिक्षा द्या. विरोध झाला, पर्यावरणाचे कारण पुढे आले, वर्षानुवर्षे कागद फिरले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक परवानगी दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये प्रयोग सुरू झाला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने आदेश दिला की माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करा. ती मानवी प्रतिष्ठेच्या विरोधात आहे. गुजरातमधील केवडियाप्रमाणे ई-रिक्षा ओढणाऱ्यांनाच भाड्याने देण्याचा विचार करा आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नका.

इथे वीज आली ती माणसाच्या खांद्यावरचे ओझे उतरवायला. रोजी टिकवून प्रतिष्ठा द्यायला. १९४३ मध्ये बाबासाहेबांना विजेकडून जी अपेक्षा होती ती हीच. फलटणच्या प्रयोगात तोच विचार होता. हा इतिहास शेअर बाजारात मोजला जात नाही म्हणून तो ‘ईव्ही क्रांती’च्या बातम्यांत येत नाही.

आपण काय करायचे?

घोषणांना भुलायचे नाही आणि यंत्राला नाकारायचेही नाही. कार्यकर्त्यांनी आपापल्या शहरात चार गोष्टी हातात घ्याव्यात.

एक, मोटारीच्या आधी बस. महामंडळाने आणि महापालिकेने स्वतःच्या बस घ्याव्यात आणि चालक-वाहकांची कायम भरती आरक्षणासह करावी. ‘बस विजेची, नोकरी कायमची’ ही आपली घोषणा असली पाहिजे.

दोन, ई-रिक्षा चालकाला कमी व्याजाचे कर्ज आणि टिकाऊ बॅटरी मिळावी. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडून अशी किती प्रकरणे मंजूर झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा.

तीन, तुमच्या महापालिकेने किती चार्जिंग केंद्रे उभारली आणि त्यांतली किती वस्त्यांजवळ आहेत, हेही विचारा. पार्किंग असलेल्या सोसायटीलाच वीज भरता येत असेल तर ती योजना सार्वजनिक म्हणता येत नाही.

चार, बॅटरी फोडणाऱ्या, भंगार वेचणाऱ्या कामगारांची नोंदणी, संरक्षण साधने आणि त्यांच्या मुलांची रक्ततपासणी यांचा आग्रह धरा.

विजेची गाडी येणारच आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी ती आली तेव्हा न्यूयॉर्कच्या श्रीमंतांनी ठरवले ती कोणाची. १९९० च्या दशकात एका कंपनीने ठरवले ती कोणाची. आज आपल्याकडे संविधान आहे, मताचा अधिकार आहे, माहितीचा अधिकार आहे आणि विजेचे धोरण माणसाच्या बाजूने कसे आखायचे हे दाखवणारे बाबासाहेब आहेत. तरीही ‘ही गाडी कोणासाठी?’ हा प्रश्न आपण विचारला नाही, तर उत्तर शेअर बाजार देईल.

जय भीम! नमो बुद्धाय!